पांढरा चुरा

आमच्या घरात भांडणंसुद्धा ड्रिलिंगच्या भाषेत व्हायची. मोरी तुंबली की आई म्हणायची, "अहो, जरा फ्लशिंग करा तिचं." धाकट्या भावाचं नाक चोंदलं की नाना त्याला अंगणात उभं करायचे आणि म्हणायचे, "हं, दे एक ब्लो." शेजारच्या मारवाडी काकूंना वाटायचं, आमच्याकडे इंग्रजी बोलतात. त्या कौतुकानं त्यांच्या पोरांना सांगायच्या, बघा, शिका जरा. आई हसून हसून बेजार व्हायची.

नाना म्हणजे माझे वडील. बोअरिंगच्या सरकारी मशीनवर ते ड्रिलर होते. धुळ्याला देवपुरात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, पुढं अंगण, अंगणात तुळस आणि डिझेलचं रिकामं पिंप. नाना आठ-आठ दिवस कुठल्या कुठल्या गावांना असायचे आणि घरी यायचे ते पांढरे होऊन. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानात दगडाचं पीठ. लहानपणी मला वाटायचं, माझे वडील म्हातारे होऊन घरी येतात आणि आंघोळ केली की तरुण होतात. अजूनही कधी दुपारी डोळा लागला की ते तसेच दारात उभे दिसतात, पायापासून डोक्यापर्यंत पिठात बुडालेले. मी उठून पाणी तापवायला निघते आणि मग जागी होते.

तरुणपणी ते चांद्याकडे कोळशाच्या खाणीत होते. झोपताना आम्हाला राजाराणीची गोष्ट नाही, खाणीची गोष्ट मिळायची. तिथं म्हणे दोन प्रकारची कारंजी असायची. एक पाण्याचं. रबरी नळीतून कोळशाच्या भिंतीवर जोराचा फवारा मारायचा, म्हणजे धूळ खाली बसते आणि माणूस श्वास घेऊ शकतो. आणि दुसरं गॅसचं. कोळशाला कुठंतरी बारीकशी चीर असते आणि तिच्यातून गॅस फुसफुसत जोरानं बाहेर पडतो. त्याला खाणीत ब्लोअर म्हणतात. दिसत काही नाही, पण हातातल्या दिव्याच्या ज्योतीला निळी टोपी चढते. "मग काय करायचं नाना?" आम्ही विचारायचो. "मग काय, हातातलं खाली ठेवायचं आणि न बोलता बाहेर चालायचं. पळायचं नाही, ओरडायचं नाही." नानांचा आवाज असा हळू होत जायचा आणि ती निळी ज्योत माझ्या झोपेत शिरायची. मी तिच्या मागं मागं काळ्या बोळांतून चालत राहायची. भीती अशी कधी वाटली नाही, का कोण जाणे. नाना पुढं चालताहेत हे ठाऊक असायचं.

बोअरिंगमध्ये मात्र सगळा खेळ हवेचा. मशीनचा रॉड आतून पोकळ. कॉम्प्रेसरची हवा त्याच्यातून खाली जायची, तळाच्या हॅमरला ठोकायला लावायची आणि फुटलेल्या दगडाचा चुरा घेऊन भोकाच्या कडेकडेनं वर उसळायची. नुसती धूळ उडाली तर तो कोरडा ब्लो. चुरा दमट आला तर ओला ब्लो, म्हणजे जरा जीव धरायचा. आणि पाणी लागलं की तीच हवा ते पाणी उचलून आभाळात फेकायची. त्याला नाना जेट म्हणायचे, आणि तो शब्द म्हणताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की बस. माणसंसुद्धा ते असंच मोजायचे. कुणी नुसतं बडबडणारं असलं की, "कोरडा ब्लो आहे तो. आवाज फार, हाती धूळ."

हे सगळं एवढं सांगते, कारण माझं लग्न या शब्दांत अडकलं होतं.

मला बघायला शिंदखेड्याच्या बाजूच्या एका गावाहून पाहुणे आले. मुलगा, मुलाचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, आणि मुलाची आत्या. तिला गाव अक्का म्हणायचं. मारवाडी काकूंच्या कपबश्या आणल्या, पोह्यांवर शेव पेरली, मी मान खाली घालून बसले. पण आमच्याकडचा कार्यक्रम उलटाच. पाहुण्यांनी मला काय विचारायचं ते राहिलं बाजूला, नानांनीच त्यांना विचारायला सुरुवात केली.

"गावात पाणी कुठून आणता?"

आबा म्हणाले, "जवळच शे ना. हाई काय, टेकडीना मांगे."

"जवळ नाही," मुलगा म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो आपला शांत. "नाल्यात झिरा खणलाय. आई पहाटे जाते आणि उन्हं वर आल्यावर येते. वाटीवाटीनं भरावं लागतं."

आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. मग त्याला पाणी दिलं. तो तांब्या वर धरून, तोंड न लावता प्यायला. आमच्याकडे येणारे जाणारे पाणी पिऊन झालं की उरलेलं अंगणात भिरकावून द्यायचे. हा उठला, चार पावलं चालला आणि तांब्यात उरलेलं तुळशीत हळूच ओतून आला. शेवटचा थेंब पडेपर्यंत तांब्या धरून उभा राहिला. बस, मी तिथंच गेले. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर? हो, एवढ्याशा गोष्टीवर. दुसरं काय असतं हातात, सांगा बरं, मान खाली घालून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणाऱ्या मुलीच्या?

पाहुणे गेले आणि नाना म्हणाले, "मुलगा सोन्यासारखा आहे. पण गाव नको. जिथं पाणी नाही तिथं माझी पोर नाही."

त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्यांची आई घागरी वाहून वाहून कमरेत वाकली होती. "मी तिला ताठ उभी राहिलेली कधी पाहिलीच नाही," नाना म्हणायचे. ती गेली तेव्हा तिला सरळ झोपवता येईना, एवढं एकदाच आईनं मला हळू आवाजात सांगितलं होतं. हे माहीत असूनही मला राग यायचा तो आलाच. मी भांडी आपटली, जेवले नाही, वेणी घातली नाही. नाना भाकरी मोडत म्हणाले, "फ्लशिंग चाललंय वाटतं आत." मी म्हटलं, "चाललंय!" आणि पातेलं असं आदळलं की शेजारून काकू विचारायला आल्या, काय पडलं म्हणून.

त्यातच बहात्तरचा दुष्काळ आला. आभाळ इतकं स्वच्छ असायचं की वर बघवत नसे. रस्त्याच्या कामांवर माणसं खडी फोडत होती, आणि बोअरिंगच्या मशीनला श्वास घ्यायला सवड नव्हती. कुठल्या गावी आधी जायचं ते कचेरीत ठरायचं. एक दिवस नाना घरी आले, पाटावर बसले. मग म्हणाले, "पुढचं गाव ते आहे."

"कुठलं ते?" आईनं विचारलं. ठाऊक असून विचारलं.

"तेच."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी चुलीकडे पाहिलं. नाना म्हणाले, "सरकारी काम आहे. लागलं पाणी तर बघू. नाही लागलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." आणि माझ्याकडे वळून, "कबूल?"

मी मान हलवली. काय करणार होते? साऱ्या गावाचं पाणी आणि माझं लग्न, दोन्ही एकाच भोकात जाऊन बसलं होतं.

दोन दिवसांनी आबा आणि अक्का पुन्हा दारात. त्यांच्या गावची म्हणे रीत होती. नव्या विहिरीच्या जागेची पूजा दुसऱ्या गावच्या कुमारिकेनं करायची. आणि दुसऱ्या गावची कुमारिका त्यांना कोण आठवावी, तर मी! नाना चिडले. "हा सरळ सरळ डाव आहे. विहीर नाही ती, बोअर आहे. पूजाबिजा काही लागत नाही." अक्का मात्र ढळली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पोर आमनी लेकच शे, लगीन व्हवो का नही." तिचा हात खरखरीत होता आणि फार मऊ फिरत होता. आई म्हणाली, "डाव असला तरी देवाचं काम आहे. जाऊ द्या तिला." आणि मी नानांच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून निघाले.

तो रस्ता मला अजून झोपेत दिसतो. सोनगीर मागं पडलं, मग शेतं सुरू झाली, नुसती उघडी काळी शेतं, भेगा पडलेली. कुठं कपाशीच्या वाळक्या काड्या उभ्या. मागच्या ट्रकवर आमची मशीन, मान आडवी टाकून झोपलेल्या उंटासारखी. ऊन एवढं की रस्त्यावर लांब कुठंतरी पाणी चमकायचं, आणि जवळ गेलो की नाहीसं व्हायचं. नाना म्हणाले, "बघ, ह्या रस्त्याला जन्मभर हेच बघायला मिळेल." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

गावात पोचलो तर अख्खं गाव वेशीवर. मी हळदकुंकू वाहिलं, फुलं नव्हती म्हणून कडूलिंबाचा पाला वाहिला. नारळ फोडू का म्हणून विचारलं, तर नाना ओरडले, "मशीनपाशी काही फोडाफोडी नको. इथं खडासुद्धा पडता कामा नये." एकदा कुणाचा तरी पाना त्यांच्या भोकात पडला होता आणि सगळं काम सोडून द्यावं लागलं होतं. तेव्हापासून ते भोकाला लहान मुलासारखं जपायचे. अक्कानं नारळ पदराखाली धरला.

कॉम्प्रेसर सुरू झाला. ज्यांनी तो आवाज ऐकला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. सगळं गाव त्या आवाजाच्या आत गेलं. माणसांची तोंडं हलत होती पण शब्द येत नव्हते. आणि भोकातून धूळ निघाली. करडी, मऊ, गरम. ती वर चढली आणि सावकाश सगळ्यांवर उतरत राहिली. झाडांवर, शेळ्यांवर, बायकांच्या पदरांवर. तो मुलगा लांब लिंबाखाली उभा होता, आणि बघता बघता तोही नानांसारखा पांढरा होत गेला. मला वाटलं, मी हे आधी कधीतरी पाहिलंय. सगळी माणसं म्हातारी झालीत, आता कुणीतरी त्यांच्यावर पाणी ओतेल आणि ती तरुण होतील.

पण पाणी येईना. दिवसभर कोरडा ब्लो. दुसऱ्या दिवशीही तेच. रॉडमागून रॉड आत जात होता आणि नुसती धूळ वर येत होती. नानांच्या हातात चुऱ्याची चिमूट, ती चोळायची, वाऱ्यावर सोडून द्यायची. दिवेलागणीला कचेरीतल्या साहेबांनी ठरवून दिलेली खोली संपली. नानांनी हात आडवा केला. मशीन बंद झाली आणि गावावर जी शांतता पडली ती मला सहन होईना. एक म्हातारा उठला आणि आपली काठी शोधायला लागला, काठी हातातच होती.

रॉड रात्रभर आत ठेवायचे नसतात, बाजू ढासळली तर अडकून बसतात. म्हणून सगळे वर काढून घेतले आणि भोकावर पोतं टाकलं. सकाळी साहेब यायचे होते. त्यांच्यासमोर शेवटचा ब्लो दाखवायचा, त्यांनी 'कोरडा' म्हणून सही करायची, आणि मशीन पुढच्या गावी. अक्कानं आम्हाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. नाना खाली मान घालून जेवले. आबा म्हणाले, "बरं भाऊ, तुम्ही कष्ट केलेत." त्यांच्या बोलण्यात राग असता तर बरं वाटलं असतं.

पहाटे उजाडत होतं तेव्हा अक्कानं मला हलवलं. "चाल व पोरी, ऊठ." मी अर्धवट झोपेत तिच्या मागं गेले. ती मशीनपाशी गेली, पोतं बाजूला केलं, पदराखालून नारळ काढला. हळदकुंकवानं माखलेला.

"अक्का, नको!" मी म्हटलं. माझी झोपच उडाली.

"भोक लहान राहो का मोठं, शे तर हीरच ना?" ती म्हणाली. विहिरीला त्यांच्याकडे हीर म्हणतात. "हीरले नारळ नही दिन्हा, म्हनीसन पानी नही उनं." आणि दोन्ही हातांनी, मूल पाळण्यात ठेवावं तसा तिनं तो नारळ भोकात सोडला.

टक्क. टक्क. मग लांब कुठं तरी, टक्क. आणि मग काहीच नाही. आम्ही दोघी भोकाशी वाकून ऐकत राहिलो. त्याच्या आतून गार वारा येत होता, ओल्या मातीचा वास नाही, कसलाच वास नाही, नुसता गारवा. अक्कानं हात जोडले. नानांना कळलं तर आभाळ कोसळणार होतं.

सांगायला गेलेच होते. ते रॉड पुसत होते. "नाना, एक—" "आता बोलू नकोस, साहेबांची जीप आलीय." आणि तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला. संपलं.

साहेब म्हणजे तरुण माणूस, चष्म्यावर धूळ, नाकाला रुमाल, बिचारा सभ्य होता. सगळं गाव पुन्हा गोळा झालं होतं, पण आजची उभी राहण्याची तऱ्हा वेगळी होती. कुणाला तरी पोचवायला आल्यासारखे उभे होते. रॉड एकेक करत खाली गेले. नानांनी हॅमर तळाला टेकवला, जरा फिरवला आणि हवा सोडली.

आधी करडी धूळ आली. मग ती थांबली, मशीन जरा गुरगुरली, आणि भोकातून भस्सकन पांढरंशुभ्र काहीतरी उडालं. वर गेलं आणि ऊन खात, गिरक्या घेत खाली यायला लागलं. दमट. ते माझ्या केसांवर पडलं, साहेबांच्या टोपीवर पडलं, शेळ्यांनी जमिनीवरून चाटायला सुरुवात केली. आणि त्या डिझेलच्या धुरात वास सुटला, भाजल्या खोबऱ्याचा! आमच्याकडे गणपतीत सारण भाजताना सुटतो, अगदी तसा.

अक्कानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी नानांकडे पाहिलं.

नानांनी हवा कमी केली. वाकून खालून चिमूटभर चुरा उचलला. डोळ्यांशी नेला. नाकाशी नेला. मग तोंडात टाकला.

ड्रिलर चुरा जिभेला लावून बघतात, मग थुंकून टाकतात. नाना थुंकले नाहीत. ते चावत राहिले. हळूहळू, समोर बघत. मग त्यांनी अक्काकडे पाहिलं, ती आता दिसेल की नाही एवढी लहान होऊन उभी होती. मग माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा कशी दिसत होते मला ठाऊक नाही. डोळे भरून आले होते एवढं खरं, आणि ते भीतीनं नव्हते आले. माझं सगळं आयुष्य मशीनवर चढून उभं आहे आणि आता खाली उतरून दुसऱ्या गावाला निघून जाणार आहे, असं मला दिसत होतं.

नानांनी गिळलं. खोबरं गिळलं त्यांनी.

"काय आहे हो?" साहेबांनी रुमालाआडून विचारलं.

"गारगोटी, साहेब," नाना म्हणाले. "पांढरी. जाळीदार थर जवळ आलाय. याच्या खाली पाणी असतं. दोन रॉड आणखी घालायला परवानगी द्या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. टोपीवरचा एक तुकडा बोटानं उचलून पाहिला.

"गारगोटीला वास येतो का हो?"

"इकडच्या गारगोटीला येतो, साहेब."

साहेब जरा वेळ नानांकडे बघत राहिले. मग खाली मान घालून हसले. "घाला," म्हणाले.

ज्या नानांनी सरकारी डिझेलचा थेंब कधी इकडचा तिकडे केला नाही, ते नाना उघड्या मैदानात, अख्ख्या गावासमोर धडधडीत खोटं बोलले. आणि कशासाठी? ते हात आडवा करून मोकळे झाले असते, तर साहेबांची सही झाली असती, विषय मिटला असता, आणि मी त्यांच्याजवळ राहिले असते. एवढे दिवस मी धरून चालले होते की त्यांना तेच हवंय. त्यांच्यावर मी पातेली आदळली होती हो!

पहिला रॉड गेला. कोरडा. धूळच धूळ. दुसरा लावला. नाना आता लिव्हरवर एक हात आणि रॉडवर एक हात ठेवून उभे होते, डोळे मिटून. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन डोक्यावर आलं. मला वाटलं आपण सगळे असेच इथं उभे राहणार, वर्षानुवर्षं, धूळ आपल्यावर साचत जाणार.

आणि धूळ थांबली.

एकदम थांबली. हवा चालू, हॅमर चालू, पण वर काही येईना. भोकाच्या तोंडाशी चिखलाची एक गोळी आली, लाडवाएवढी, आणि तिथंच घुटमळली. नानांनी डोळे उघडले. मशीनवरच्या माणसांना हातानं मागं सारलं. खालून एक लांब सुस्कारा ऐकू आला, आणि जेट उठला. आधी करडा, जाड, चिखलाचा. मग पिवळा. मग नानांनी सगळी हवा सोडली आणि तो लिंबाच्या शेंड्याच्याही वर गेला, तिथं फुटला, आणि त्याच्या तुषारांत ऊन सांडलं.

"पानी उनं! पानी उनं व माय!"

बायका घागरी घ्यायला धावल्या आणि घागरी न घेताच परत आल्या, नुसत्या त्याच्याखाली उभ्या राहिल्या. पांढरी झालेली माणसं धुऊन निघत होती. साहेब चष्म्यासकट भिजले. अक्का माझ्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली, आणि मीही रडले, लाजबीज सगळी सोडून. लिंबाखालचा तो मुलगा पुढं आला, ओंजळ धरली, प्यायला, आणि पाण्याच्या पडद्यातून माझ्याकडे बघून हसला. मी हसले. नानांनी ते पाहिलं. त्यांनी लिव्हरकडे मान वळवली आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत ते फ्लशिंग करत राहिले. मला वाटतं, स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ करत होते.

आबांनी येऊन हात जोडले. नाना म्हणाले, "मी पोरीला शब्द दिलाय. मुहूर्त बघा." एवढंच. मग वळून रॉड काढायला लागले.

आम्ही ट्रकमधून परत निघालो. संध्याकाळ होत होती. रस्त्यावर आता काही चमकत नव्हतं. सोनगीरच्या अलीकडे नाना म्हणाले, "नारळ कुणी टाकला?"

"अक्कांनी."

"सांग तिला, खवट होता." आणि मग, काचेतून पुढं बघत, "तिथं पहिल्या वर्षी पंप नसेल. झिऱ्यावरची घागर उचलताना कंबर वाकवायची नाही. गुडघ्यात वाकायचं. काय?"

"हो नाना."

देवपुरात घरासमोर ट्रक थांबला तेव्हा आई दारातच होती. माझ्या ओल्या केसांकडे बघितलं आणि तिला कळलं, तरी तिनं विचारलं, "लागलं का पाणी?"

"लागलं," नाना म्हणाले. बूट काढायला ते पायरीवर बसले, पण बूट काही काढले नाहीत. "गेली गं पोर आपली."